येळवसचा पाहुणा

बहात्तरच्या दुष्काळात कल्हईच्या धंद्यासाठी लातूर गाठलं, तेव्हा उदगीरजवळचं माझं तीन एकर रान मी संगप्पाच्या हवाली केलं. कागद केला नाही. माझ्याबरोबर एकाच विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाशी कसला कागद करायचा! "पिकव, खा. मी माघारी आलो की दे," एवढंच बोललो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

दरवर्षी येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, तो मला रानात जेवायला बोलवायचा. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा मांडायचा मान रानाच्या मालकाचा. मी मुसलमान, म्हणून ती संगप्पाच मांडायचा. मी चपला काढून बाजूला बसायचो. मग त्याची बायको गंगम्मा पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील वाढायची. पोटभर जेवून मी संध्याकाळच्या गाडीनं परतायचो. बांधावरून साधी चक्करही कधी मारली नाही. दोस्ताला काय वाटेल!

पुढं लातूर जिल्हा झाला, रानांचे भाव चढले. पंच्याऐंशीत मी म्हटलं, "संगप्पा, हात थकले. आता रान दे."

तो तंबाखू मळत म्हणाला, "कोर्टातच बोलू."

मी दावा लावला. त्याच्या वकिलानं सांगितलं, बारा वर्षांहून जास्त उघड कब्जा आहे, कुणाची हरकत नाही, म्हणून रान त्याचंच. माझा वकील म्हणाला, कसायला दिलेलं रान बळकावलंय. मग पोलीस पाटील शेषेरावची साक्ष झाली. तो खोटं बोलला नाही, याचाच मला जास्त राग येतो.

"पूजा संगप्पाच मांडतोय, साहेब. खाजामियाँ पाव्हणे येत्यात, जेवून जात्यात."

मी भर कोर्टात ओरडलो, "संगप्पा, माझ्याकडं बघून सांग, रान कुणाचं हाय?"

तो साहेबाकडंच बघत म्हणाला, "मालक असता तर पाव्हण्यावानी आला असता का?"

हरामखोर! दोस्ती म्हणून मी जी अदब राखली, तिचाच त्यानं पुरावा केला. चार वर्षांनी निकाल लागला आणि रान गेलं.

त्याच साली येळवसला गंगम्मानं एका ओळखीच्या माणसाबरोबर आंबिलीचं गाडगं पाठवलं. माझी बायको चांदबी ते हातात धरून दारातच थांबली. "परत पाठवू का?"

मी म्हणालो, "ठेव. ज्वारी आपल्याच रानातली हाय."