मागचं पान

"काका, पुढच्या पानाच्या चार ओळी मागच्या पानावर उतरतायत. काय करू? इकडच्या कापू की तिकडच्या?" छापखान्यातून फोन होता.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. आमदारसाहेबांचं पत्र म्हणजे पाठपोट छापलेला एकच कागद. दर महिन्याला तो मतदारसंघात घरोघरी जायचा. पुढच्या पानावर भागातली एखादी जुनी रीत, मागच्या पानावर सरकारी निर्णय, तारखा, अर्जांच्या मुदती, आणि तळाशी साहेबांची सही. कार्यालयाचे कारकून म्हणून काका एकोणीस वर्षं हे पत्र लिहीत होते, त्यातली पहिली सतरा वर्षं दोन्ही पानं. तेव्हा पुढच्या पानावर साहेबांची उद्घाटनं असायची. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "साहेब, लोकांच्याच गोष्टी लिहू या की." साहेबांना ते पटलं आणि काका उठून मागच्या पानावर गेले.

ती मुलगी काकांच्या लेखी अजून 'नवी'च होती. दोन वर्षांत तिला चहाच्या पेल्यापासून खुर्चीपर्यंत सगळं जुनं झालं होतं, फक्त काका तिला जुनं होऊ देत नव्हते.

या महिन्यात तिने पुलावरच्या छत्र्यांवर लिहिलं होतं. पादचारी पुलाच्या दोन्ही तोंडांना खुंट्यांच्या फळ्या होत्या. पावसात किंवा उन्हात सापडलेल्याने इकडची छत्री घ्यायची, पूल ओलांडायचा आणि तिकडे टांगून ठेवायची. ना पावती, ना पहारा. काकांनी लेख सकाळी दोनदा वाचला होता. पहिल्यांदा चुका काढायला वाचला, त्या सापडल्या नाहीत म्हणून दुसऱ्यांदा वाचला. मेली लिहिते मात्र छान, असं मनात आलं आणि दिवसभर तोंडाची चव गेली.

"काका? ऐकताय ना?"

मागच्या पानाच्या तळाशी कार्यालयाचा पत्ता आणि वेळ छापलेली असे. बरोबर चार ओळी. एक महिना त्या गाळल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. काकांना हे पक्कं ठाऊक होतं.

"पुढच्या काप," ते म्हणाले. "शेवटच्या चार."

"लेख लिहिणाऱ्या बाईंना विचारू?"

"मी आहे ना! शेवटचा हात माझा असतो."

त्या चार ओळींत काय होतं तेही त्यांना ठाऊक होतं. या छत्र्यांच्या काड्या एकतीस वर्षं कोण बसवतं, कापड कोण शिवतं, ते तिथे लिहिलं होतं आणि त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. त्या ओळींवाचूनही लेख पुरा वाटत होता. म्हणून तर हात धजावला.

पत्र घरी आलं त्या संध्याकाळी काकूंनी ते मोठ्याने वाचून काढलं. मग कात्री आणली आणि पुढच्या पानावरचा लेख चौकटीसकट कापून पत्र्याच्या डब्यात ठेवला. दोन वर्षांतले सगळे लेख त्या डब्यात होते.

"हात धरून पुलावर नेलंत हो अगदी," काकू म्हणाल्या. "हे तुमच्यात होतं आणि मला इतकी वर्षं कळलं नाही. एवढी वर्षं घरात आपलं किराणा आणि लाइटबिल, याशिवाय बोलला असाल तर शपथ."

काका "हूं" म्हणाले. पत्रात लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत. दोन वर्षांपूर्वी पहिला लेख काकूंनी त्यांचाच धरला तेव्हाही ते असंच "हूं" म्हणाले होते आणि मग ते मागे घ्यायची वेळ कधी आलीच नाही. बायको कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. उतारवयात असं कुणी बघितलं तर माणसाने खूश व्हावं. काकांच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्यांची बायको दुसऱ्याच्या वाक्यांवर भाळली होती आणि घरात बसून पाहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी छत्रीवाल्या आजी कार्यालयात आल्या. पिशवीतून घडी घातलेलं पत्र काढून त्यांनी काकांच्या टेबलावर सरळ केलं.

"यात माझं नाव आहे म्हणे. त्या पोरीनं सांगितलं होतं, छापून येणार म्हणून."

काकांनी कागद जवळ ओढला.

"मला वाचता येत नाही. शेजारच्या तिघींकडून वाचून घेतलं. तिघी म्हणाल्या, नाही. म्हटलं, घाईत सुटलं असेल त्यांच्या नजरेतून. तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्ही नीट बघा."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. स्वतःच कापलेलं नाव ते ओळीओळीने शोधायला लागले. दुसरं काय करणार? आजी बोटाबरोबर मान हलवत होत्या. बोट तळाला पोचलं तरी काकांनी मान वर केली नाही.

"पाठीमागं असेल का?" आजींनी विचारलं. "मागलं पान कुणी वाचलंच नाही."

तेवढ्यात नवी आतून आली. तिने आजींना पाहिलं, कागद पाहिला, काकांचं बोट पाहिलं. छापखान्यात चौकशी करून तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलेलं असणार.

"आजी, माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. "चूक माझी. पुढच्या अंकात येईल." मग ती काकांकडे न बघता म्हणाली, "काका, जागा होईल ना?"

"होईल," काका म्हणाले.

तिने आरडाओरडा केला असता, साहेबांकडे नेलं असतं, तर काका बाह्या सरसावून भांडले असते. एकोणीस वर्षांचा पाढा वाचला असता. तिने ती सोयही ठेवली नाही. चांगुलपणातही ही पुढच्या पानावर! त्यांना तिचा आणखीनच राग आला आणि त्या रागाची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या अंकात काकांनी कार्यालयाचा पत्ता आणि वेळ गाळली. त्या जागी आजींचं नाव वडिलांच्या नावासकट आलं आणि खाली लिहिलं, 'हे नाव लेखिकेने मूळ लेखात दिले होते. मागचे पान लिहिणाऱ्या कारकुनाने ते कापले.'

साहेबांनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"एवढं कशाला? 'नजरचुकीने' म्हणा, संपलं."

"नजरचूक नव्हती, साहेब."

"अहो, आपल्या पत्रात असलं कधी छापतात का?"

"एकोणीस वर्षांत काही मागितलं नाही," काका म्हणाले. साहेबांनी पेन उचललं आणि सही केली.

छापलेलं पहिलं पत्र काकांनी स्वतः पुलावर नेऊन आजींना दिलं आणि नावावर त्यांचं बोट टेकवलं. आजींनी ते तिथून बराच वेळ उचललं नाही.

संध्याकाळी काकू नेहमीप्रमाणे पुढचं पान वाचायला बसल्या.

"आधी मागचं वाच," काका म्हणाले. "तळाशी."

काकूंनी कागद उलटला. चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी बराच लावला.

"हा कारकून म्हणजे..."

"मी."

"आणि लेखिका कोण?"

"ती. नवी मुलगी. पुढचं पान तिचं असतं. पहिल्यापासून."

काकूंनी पत्र्याचा डबा पुढे ओढून उघडला. "हे सगळे?"

"सगळे."

काका कपाटाच्या कडीकडे बघत बसले. आता डबा बंद होईल, मग स्वयंपाकघरातली भांडी वाजतील, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ओलावा जाऊन पुन्हा किराणा आणि लाइटबिल.

काकूंनी वरचं कात्रण उचललं आणि उलटं केलं. पाठीमागे काकांच्या ओळी होत्या. पुढच्या चौकटीच्या मापाने कात्री चालली होती, त्यामुळे सगळ्या अर्ध्यावर तुटल्या होत्या.

"'पूर्वेकडील वस्तीचा पाणीपुरवठा सोमवारपासून सकाळी...'" काकूंनी वाचलं आणि त्या थांबल्या. "सकाळी किती?"

"साडेसहा ते आठ," काका म्हणाले.

काकूंनी दुसरं कात्रण उलटलं. "'घरपट्टीवरील हरकती लेखी स्वरूपात दिनांक...'"

"चौदापर्यंत. खिडकी क्रमांक तीन."

काकूंनी दिवा लावला, चष्मा पुसला आणि डब्यातलं तिसरं कात्रण काढलं.