मी गिळलेली एक ओळ

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. बोलताना मध्येच अडखळलो तर रागावू नका. ती माझी खोड नाही, वय आहे. पूर्वी चकती पोटात गेली की मी लगेच सूर धरायचो. आता ती नुसती गरगर फिरते, मी तिच्याकडे बघत राहतो आणि काय वाचायचं तेच मला उमगत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका रांगेने बसून आमच्या पोटात तारा जोडायच्या. शेवटी एकीने माझ्या डोळ्यावरून मऊ कापड फिरवलं. हो, मला डोळा आहे, वाटाण्याहूनही लहान. चकतीवरचं गाणं मी त्याच डोळ्याने वाचतो. मग मला खोक्यात दाबून बसवलं, आणि ते खोकं उघडलं ते थेट आईच्या शिलाईच्या खोलीत.

आई म्हणजे या घरातली आई. ती लोकांचे कपडे शिवायची. शाळेचे गणवेश, पडदे, कुणाचा सैल झालेला कोट. बाबा छापखान्यात होते. मला त्यांनीच आणलं.

"माझ्या मशीनचा आवाज दाबायला आणलाय होय हा?" आईने विचारलं.

"छे गं," बाबा म्हणाले, "तुझ्या बडबडीचा."

त्या दिवसापासून आईची मशीन आणि मी एका खोलीत राबलो. तिचा पाय मशीनवर, माझा सूर भिंतीवर. लांब पडद्याला लांब गाणं, काजं करायची असतील तर नुसती बासरी. सीड्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्या फुटल्या, तेव्हा तिने उरल्यासुरल्या कापडाच्या खोळी शिवल्या आणि प्रत्येक खोळीला एकेक निराळं बटण लावलं. बासरीला मोत्यासारखं गोल, नाटकातल्या गाण्यांना कोटाचं जाडजूड, तिच्या सगळ्यात आवडत्या सीडीला लाकडी. मशीनवरची नजर न काढता ती हात मागे न्यायची, बटण चाचपायची आणि हवी ती सीडी काढायची. माझ्या चालू करायच्या बटणावर तिने नेलपॉलिशचा जाड थेंब सुकवून ठेवला होता. तिला माझ्याकडे बघावंही लागत नसे.

लाकडी बटणाच्या सीडीत एक गाणं होतं. पावसाळी संध्याकाळी एक बाई घरात एकटी असते आणि दार वाजतं. कोण आलं, कोण आलं, असं ती विचारते. पुढच्या ओळीत उत्तर होतं. पण मुलगा लहान असताना त्याने त्या चकतीवरून खेळण्यातली मोटार फिरवली, आणि नेमकी ती ओळ माझ्या घशात अडकली. मी प्रश्न गायचो आणि उडी मारून थेट ध्रुवपदावर यायचो. घरातले सगळे तसंच शिकले. अंघोळ करताना बाबाही बरोब्बर तिथेच उडी मारायचे. दारात कोण आलं असेल, यावर जेवताना वाद व्हायचे. मुलगा म्हणायचा पोस्टमन. बाबा म्हणायचे, "दुसरं कोण? तुझ्या आईची आई."

ते माझे चांगले दिवस होते. पाहुणे यायचे, माझ्या आवाजाचं कौतुक करायचे, आई पदराने माझी पाठ पुसायची. मग हळूहळू पाहुण्यांच्या खिशात गाणी आली. मुलाच्याही आली, पुढे घरात सूनही आली. बाबा गेले, तेव्हा घरात बरेच दिवस कुणी मला हात लावला नाही. धूळ बसत गेली. एके दिवशी आई आली, लाकडी बटण चाचपलं, आणि आम्ही दोघं पुन्हा कामाला लागलो.

पण मी दमलो होतो. आतला रबरी पट्टा सैल पडला, डोळा अंधुक झाला. ओरखडा नसलेल्या चकत्यांवरही मी अडखळू लागलो. आई माझ्या डोक्यावर टपली मारायची, की मी दोन पावलं पुढे. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं आणि मान हलवली. "याची लेन्स आता मिळत नाही, ताई. पुसून देतो. चालेल तेवढं चालेल."

तेवढं ऐकून मुलगा बाजारात गेला आणि नवं यंत्र घेऊन आला. काळं, चपटं, आरशासारखं गुळगुळीत. त्याला एकही बटण नव्हतं. काचेवर बारीक खुणा उजळत, त्यांना बोट लावायचं. सीडी पुढच्या फटीतून आत सरकवायची. माझी रवानगी कपाटावर झाली. भंगारात देऊया, असं मुलगा म्हणत होता; सुनेने "राहू दे काही दिवस" म्हटलं म्हणून मी वाचलो.

मुलाने पहिलं तेच गाणं लावलं. आई, मुलगा, सून, सगळे गायला लागले. प्रश्न झाला आणि सवयीने तिघांनी उडी मारली. नवं यंत्र मात्र ओरखड्याला न जुमानता शांतपणे ती गाळलेली ओळ गात होतं. तिघंही थबकली. दारात कुणीच नव्हतं. वारा होता.

"एवढंच होय?" आई म्हणाली. "मला वाटायचं, कुणीतरी येतं."

सगळे हसले. मग आईने मशीन ओढून घेतली.

त्यानंतर शिलाईच्या खोलीत गाणं वाजेना. मुलगा दारातून विचारायचा, "का गं, आवडलं नाही?" आई म्हणायची, "मूड नाही." तो बाहेर जाऊन बायकोला सांगायचा, "हट्टी आहे. महागाचं आणलं तर त्याला हात लावणार नाही." मी वरून सगळं बघत होतो, पण मला कोण विचारणार?

एका दुपारी सून धूळ पुसायला आली. तिने नवं यंत्र उचललं, तर त्याच्याखाली, पोट आणि फळी यांच्यामधल्या फटीत, तीन सीड्या पडलेल्या.

"आई, या इथे कशा?"

आईने शिवणं थांबवलं नाही. "फट लागली हाताला. सरकवल्या."

"आणि गाणं लागलं नाही, तेव्हा?"

"म्हटलं, नवीन आहे बिचारं. माझी गाणी पसंत नसतील त्याला."

सून हसली नाही. ती खाली बसली आणि आईच्या हातातलं कापड तिने हलकेच बाजूला केलं. "आई, किती दिसतं तुम्हाला?"

"तुझा पुढचा दात दिसतो की, वाकडा." मग म्हणाली, "कडा दिसतात. मधलं नाही दिसत."

संध्याकाळी मुलगा चिडला. चिडला म्हणजे घाबरला. "बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आधी मशीन उचलली असती तुम्ही," आई म्हणाली. "सुई ओवायला हिला हाक मारते, ते ठीक आहे. पण गाणं लावायलाही हाक मारायची? मग माझं असं काय राहिलं रे?"

मुलगा कपाटापाशी गेला. त्याने स्टूल घेतलं आणि मला खाली उतरवलं.

मला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगतो, मला धास्तीच वाटली. मला कुठे झेपत होतं? पण नेलपॉलिशच्या थेंबावर तिचं बोट आलं, आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावला. दर गाण्याला दोनदा पडलो. ती टपली मारत राहिली, मी उठत राहिलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपता येईल. तिथून परतताना मायलेक दुकानात गेले. तिथली हकिकत मुलगा घरी येऊन सांगत होता. दुकानदार म्हणाला, "काकू, तीन रंग आहेत, बघा ना." आई म्हणाली, "रंग याला दाखवा. मला बटणं दाखवा." आणि डोळे मिटून तिने एकेक प्लेअर चाचपला.

"सगळ्यात कुरूप निवडलास तू," मुलगा म्हणाला.

"बघायचा तुम्हाला आहे. मला थोडाच?"

तो खरंच कुरूप आहे. ठोकळ्यासारखा, ठसठशीत बटणांचा, वरून झाकण उघडणारा. आईने आल्या आल्या त्याच्या एका बटणावर नेलपॉलिशचा थेंब ठेवला. काचेचं यंत्र मुलाच्या खोलीत गेलं. मग तिने माझी तार काढली, गुंडाळली, मला पुसलं आणि जाड कापडाची खोळ शिवून माझ्यावर चढवली. इतक्या वर्षांत तिने माझ्यासाठी शिवलेलं हे पहिलंच. त्या खोळीला लाकडी बटण आहे.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरातली वस्तू थकली तर जरूर बदला. आम्हालाही विश्रांती हवी असते. जोवर आहोत तोवर मात्र धूळ पुसा, डोळा स्वच्छ ठेवा. आणि नवी वस्तू आणण्याआधी, जुनीवर रोज कुणाचा हात फिरतो ते एकदा बघा. तो हात सोबत घेऊन दुकानात जा.

खोळीतून मला दिसत नाही, ऐकू येतं. आत्ता तो ठोकळा तेच गाणं गातोय. दार वाजलं. बाई विचारतेय. त्याने ती ओळ स्वच्छ गायली, वारा, वारा. पण आईने उडी मारली. स्वयंपाकघरातून सुनेनेही मारली.

तेवढी उडी अजून माझी आहे.