नवसाचे केस

आसेगावात वडाला पुजतात, बैलाला पुजतात, नागाला दूध दाखवतात, धान्याच्या राशीला हळदकुंकू वाहतात. पण हरीओमच्या मते आसेगावात खरा निसर्गपूजक एकच होता, आणि तो म्हणजे हरीओम. बाकीचे नुसते अडाणी.

इंजिनिअरिंगला असताना त्याला मोबाईलवर पेगन रॉक सापडलं. युरोपातली झाडांची, चंद्राची, दगडांची जुनी दैवतं तिकडच्या लोकांनी हल्ली पुन्हा उकरून काढलीत आणि त्यांच्या नावानं ते गिटार बडवतात, असा एकूण मामला. आपला जन्म याच्यासाठीच झालाय, हे हरीओमला तिथल्या तिथे पटलं. फक्त जिल्हा चुकला होता. त्यानं ‘अरण्यरक्त’ नावाचा बँड काढला. ड्रमला गोलू, जो एरवी लग्नात डीजे लावायचा. बेस गिटारला तांड्यावरचा सेवालाल, ज्याला बेस गिटार म्हणजे काय हे बँडमध्ये आल्यावर कळलं. गाण्यात ओकचं झाड होतं. ते इकडे मिळेना म्हणून कडुनिंबावर भागवलं. गळ्यातलं कावळ्याचं पीस मात्र अस्सल होतं.

बँडचं मुख्य गाणं शिंगधारी देवावर होतं. ते ऐकून त्याचे वडील नानाजी म्हणाले, “शिंगवाला देव म्हंजे आपून पोळ्याले पुजतो तोच ना?”

“तो बैल आहे, बाबा. हा देव आहे.”

“मंग बैल काय आहे?”

अज्ञानाशी वाद घालू नये म्हणून हरीओमनं कानात हेडफोन घातले.

खरं सांगायचं तर आवाज बेताचा होता आणि गिटार त्याहून बेताची. बँड उभा होता तो हरीओमच्या केसांवर. पाठीवर पसरलेले, काळेभोर, झटका दिला की शेजारच्याच्या तोंडात जातील असे. नानाजींना ते केस डोळ्यांसमोर नको व्हायचे. चुलतभावाच्या लग्नाआधी त्यांनी न्हाव्याला थेट ओसरीवर आणून बसवलं. हरीओम कोपऱ्यात सापडला आणि घाबरून बोलून गेला, “हात लावू नका! नवसाचे आहेत!”

न्हाव्यानं तापलेली असावी तशी कात्री खाली ठेवली. नानाजींची चुलती कस्तुराबाई पुढे झाली. गावच्या वनदेवीचं सारं तीच पाहायची.

“कोन्या देवीले बोलला रे?”

हरीओमच्या डोक्यात गाण्यातली दूरदेशीची रानदेवी होती. तो म्हणाला, “वनदेवीला.”

“अन् मांगलं काय?”

“आमच्या बँडला पुण्याचं बोलावणं येऊ दे म्हणून.”

कस्तुराबाईनं कानशिलावर बोटं मोडली. त्या दिवसापासून हरीओमचं गावात वजन वाढलं. नानाजींनी न्हाव्याचं नाव काढणं सोडलं. बाया त्या केसांकडे पाहून हात जोडू लागल्या. कोणी केसांना तेल आणून दिलं, कोणी शिकेकाई. ज्यांना तो अडाणी म्हणायचा त्यांच्याच तेलावर त्याचे केस कमरेला टेकले, आणि याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

मग देवीनं घात केला. पुण्याहून बोलावणं आलं.

कुठल्याशा ‘आदिम नाद महोत्सवा’च्या योगिनी मॅडमनी बँडचा फोटो पाहिला होता. गाणं ऐकलं होतं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. पोस्टरवर हरीओमचा एकट्याचा फोटो, वाऱ्यावर उडणाऱ्या केसांसकट. हरीओमनं हर्षवायू झाल्यासारखं घरभर ओरडून सांगितलं. आईनं पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच कस्तुराबाई म्हणाली, “पावली गं माय! कोन्या दिवशी फेडता?”

हरीओमचा हात आधी केसांवर गेला.

“आजी, पुण्याहून आल्यावर पाहू.”

“देवीनं तुयं काम करताना म्हनलं काय, की पाहू?”

केस गेले तर पोस्टर गेलं, पोस्टर गेलं तर पुणं गेलं. हरीओमनं योगिनी मॅडमना फोन करून गावच्या देवीचा एक विधी राहिलाय एवढंच सांगितलं. मॅडम हरखल्या. “विधी? खराखुरा? लाईव्ह दाखव ना प्लीज! आम्हाला श्रद्धावान कलाकारच हवेत.” केसांचा विषय तेवढा निघाला नाही. हरीओमनं मनाशी ठरवलं, देवीपुढे नारळ फोडू, शिंगधारी देव वाजवू, आणि गर्दीतून सटकू.

शिवाराच्या कडेला कडुनिंबाखाली वनदेवीचे शेंदूर लावलेले दगड होते. तिथे सकाळीच गाव जमलं. गोलूनं मोबाईल उंच धरून लाईव्ह सुरू केलं. सेवालालनं बेस गिटारला हार घातला. गाणं सुरू झालं, संपलं, आणि हरीओम मागे वळतो तर न्हावी पाट मांडून वस्तरा पुसत बसलेला.

“बस बाबू,” कस्तुराबाई म्हणाली.

“आजी, माझ्या देवीला केस नको असतात.”

“मंग कायले बोलला होता?”

“ती वेगळी देवी आहे. परदेशातली.”

“तिले मराठी समजते काय?”

“नाही.”

“मंग तुयं गाऱ्हानं आयकलं कोनं?”

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “आमच्या देवीनं काम केलं अन् फुकट? वा रे राजा!” नानाजींनी पोराचा दंड धरला. न्हाव्यानं डोक्यावर पाण्याचा हबका मारला. थंड पाणी टाळूवरून मानेवर उतरलं, आणि ‘अरण्यरक्त’चा गायक, निसर्गपूजक, शिंगधारी देवाचा आसेगावातला एकमेव भक्त, जिवाच्या आकांतानं ओरडला, “सोडा मला! मी कोणत्याच देवीला मानत नाही! देवबिव सगळं झूट आहे!”

बायांनी कानांवर हात ठेवले.

गोलू हळूच म्हणाला, “भाऊ, लाईव्ह चालू हाय.”

कस्तुराबाई चिडली नाही. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं समजून तिनं त्याच्यावरून लिंबू उतरवलं. “तो मानो की न मानो, शब्द घराचा गेला. घरातल्या कोनी तरी बसा लागते.”

सगळ्यांनी नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी आकाशाकडे पाहिलं. नवसावर त्यांची फार श्रद्धा होती असं नाही. पण गावानं पेढे खाल्ले होते, आणि ‘नानाजीच्या घरानं देवी बुडवली’ हे पुढची दहा वर्षं चावडीवर ऐकायची त्यांची तयारी नव्हती. टोपी काढून ते पाटावर बसले.

“आटप लवकर. सोयाबीनले हार्वेस्टर याचं हाय.”

न्हाव्याला वेळ लागला नाही. मुळात तिथे काढण्यासारखं थोडंच होतं. कस्तुराबाईनं ते पांढरे केस पानावर घेऊन देवीपुढे ठेवले. चकचकीत डोक्यावर कुंकू लावलं. बायांनी ओवाळलं. कमरेपर्यंत ओले केस सोडून हरीओम बाजूला उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. योगिनी मॅडम. संपलं सगळं, असं म्हणत त्यानं स्पीकर लावला.

“हरीओम, तुझं ते शेवटचं वाक्य जरा अडचणीचं आहे, ते कापून टाकू,” मॅडमना धाप लागली होती. “पण ते काका! काय चेहरा आहे! काय समर्पण! त्यांना आण ना स्टेजवर! हाच विधी मंचावर, मागे तुमचं संगीत. नाहीतर मग नुसत्या बँडचं अवघड आहे रे.”

हरीओमच्या जिवात जीव आला. ज्या माणसाला तो शिंगधारी देव समजावून सांगायला तयार नव्हता, त्याच्याकडे तो वळला. मोबाईलवर हात ठेवून, गेल्या कित्येक वर्षांत निघाला नसेल इतक्या गोड आवाजात म्हणाला, “बाबा, पुण्याला चालता का? स्टेजवर हेच करायचंय.”

नानाजींनी गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. विचार केला. पोराकडे पाहिलं, मग पोराच्या केसांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“चालतो ना,” ते म्हणाले. “काहून नाही? पन माये तर गेले. वस्तरा चालवाले तिथं डोकं कोनाचं घेतीन?”

न्हाव्यानं वस्तरा अजून मिटला नव्हता. हरीओमनं फोन कापला.