नवलची घागर

हे विकतचं दुखणं आम्हीच घरी आणलं, आणि आणणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होतो. मी म्हणजे अभिमन, चोपडा तालुक्यातला केळीवाला.

तीन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे दोन देशांची जुंपली आणि आमच्या केळीचे कंटेनर वाटेतच अडकले. इकडे घड झाडावरच पिवळे पडायला लागले. जळगावला कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला, तेव्हा फलक मीच रंगवला: 'आमचा माल वाचवा, आरमार पाठवा'. पिंप्राळ्याचे व्यापारी लखीचंदशेठ तेवढे म्हणाले, एक हंगाम सडू द्या, दुसरं गिऱ्हाईक शोधू, पण लोकांच्या भांडणात पाय घालू नका. मी त्यांना चारचौघांत भित्रा म्हणालो. शेठ गाडीत बसून निघून गेले.

आरमार गेलं. आम्ही फटाके फोडले. मग जहाजांना थांबायला तिकडे बंदर लागलं. बंदराला पहारा लागला. पहाऱ्यावर टेकडीवरून गोळ्या यायला लागल्या, म्हणून टेकडी घेतली. टेकडीमागे गाव होतं, तिथेही फौज शिरली. दर वेळी टीव्हीवर सांगत की हे युद्ध नाही, आपण फक्त आपल्या मालाचं रक्षण करतोय. आणि दर वेळी मी पारावर बसून तेच गावाला समजावून सांगायचो. माझ्या त्या शहाणपणाची आता मलाच शिसारी येते. केळी तर दुसऱ्याच वर्षी वेगळ्या वाटेने जायला लागली होती. माल सुटला, पोरं अडकली.

त्यातलाच नवल. माझ्या मोठ्या भावाचा, वनाचा, एकुलता एक मुलगा. वना गेल्यापासून तानुवहिनीला त्याचाच आधार होता. तिकडे तो डिझेलच्या टाकीवर पहारा द्यायचा. शेवटच्या फोनवर, तिथे काय दिसतं असं विचारलं, तर मला हसून म्हणाला, "काका, आठे केळनं एक पान बी दखात नही." फाल्गुनात त्याची पेटी आली. उघडू नका, असं बरोबर आलेल्या साहेबांनी सांगितलं. वहिनी रात्रभर त्या लाकडावर हात ठेवून बसली होती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. वर्षभरात घरचं कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाने नवी मातीची घागर आणायची, पाण्याने भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि पुजायची. यंदा वहिनीला नवलची घागर भरायची होती. आणि झुलालने नेमकी त्याच दिवशी सभा ठेवली.

झुलाल आमच्या केळीवाल्यांच्या गटाचा पुढारी. त्याला ठराव करायचा होता, अजून फौज पाठवा. फ्रेम करून देतो म्हणून त्याने वहिनीकडून नवलचा फोटो नेला आणि तो थेट स्टेजवर मांडला. आता शेजारच्या खुर्चीत आई हवी होती. मला म्हणाला, आता माघार घेतली तर नवल कशासाठी गेला, सांग. आणि मी मूर्खासारखा वहिनीला बोलवायला गेलो.

वहिनी घागरीला कुंकू लावत होती. माझं सगळं ऐकून घेतलं तिने.

"त्यासले सांगा, भाऊ," ती म्हणाली. "जो जो फौज धाडा म्हनस, त्यानी आपला पोऱ्याना नावनी घागर भरीसन मांडवमा ठेवानी. मंग मी येसू."

मी मांडवात गेलो आणि माईक घेऊन शब्द न् शब्द तसाच सांगितला. चारशे माणूस झुलालकडे बघायला लागलं. झुलालचे दोन मुलगे आहेत, एक ठेकेदार, एक नाशिकला शिकतो. झुलाल माझ्या कानाशी आला.

"अशुभ बोलू नको. जित्ता पोऱ्यासना नावनी कोनी घागर भरस का?"

"तीन वरीसफाईन आपन दुसरं काय करी ऱ्हायनूत?" मी विचारलं.

त्याने माईक बंद करायला लावला. ठरावाला हात वर झाले, भराभर, केळी कापायला निघाल्यासारखे. मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या नावाने घागर भरायला माझाही हात धजला नसता. मी तसाच परत आलो. वहिनी ओट्यावर उभी होती.

"घागरी कितल्या उन्यात, भाऊ?"

"एक बी नही, वहिनी."

"मंग मना नवलले घर लई या."

मी परत गेलो. झुलाल बलिदानावर बोलत होता. मी स्टेजवर चढलो, हारासकट फोटो उचलला, छातीशी धरला आणि माणसांमधून चालत बाहेर आलो. कोणी अडवलं नाही. ज्यांच्याकडे पाहिलं त्यांनी माना खाली घातल्या.

वहिनीने झुलालचा हार काढून उकिरड्यावर टाकला. पदराने काच पुसली, फोटो घागरीपाशी ठेवला आणि नैवेद्याचं पान वाढायला घेतलं. तिकडे लाउडस्पीकरवर अजून नवलचंच नाव घेऊन फौज मागत होते.