ग्लेंडाबाईंचा सहा

इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या ग्लेंडाबाईंची एकच खोड होती, आकडा फुगवायचा नाही. आणि तिथे तर फुगवायची रीतच पडून गेलेली. जानेवारीत, मुलं परीक्षेला बसायच्या आधीच, कुणाला कोणती ग्रेड मिळेल याचा अंदाज शिक्षकांनी लिहून द्यायचा. एक सगळ्यांत खालचा, नऊ सगळ्यांत वरचा. त्यावर पुढच्या दोन वर्षांच्या कॉलेजात जागा ठरायची.

"एकेक वाढवून टाक गं," चहा ढवळत कॉलिन म्हणाला. तो शेजारच्या वर्गाला गणित शिकवायचा. "पोरांचं भलं होतं, आपल्या बापाचं काय जातं?"

"माझी झोप जाते," बाई म्हणाल्या.

कीलीच्या नावापुढे त्यांनी सहा लिहिला. पोरगी सहाचीच होती. तिला जहाजांची इंजिनं शिकायची होती, त्यासाठी कॉलेजात गणित घ्यायला हवं, आणि गणिताला कॉलेज सहा मागायचं. म्हणजे काम झालं, असं बाईंनी धरलं.

मार्चमध्ये पत्र आलं, कीलीला गणिताला जागा नाही. बाईंनी प्रवेशाचं बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"तुमच्या शाळेचे आकडे आम्ही एक कमी करूनच वाचतो," ते शांतपणे म्हणाले. "दर वर्षी फुगवलेले असतात."

"मी फुगवत नाही हो."

"सगळे हेच सांगतात, बाई."

सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. बाई तणतणत कॉलिनकडे गेल्या.

"तरी मी सांगत होतो," तो म्हणाला. आपल्या वर्गातल्या ऑलीला त्याने सात लिहिला होता. कॉलेजने तो सहा वाचला आणि जागा दिली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. ऑलीला पाच मिळाला. पण एका ग्रेडसाठी कबूल केलेली जागा कोण काढून घेतो? गणिताचा वर्ग भरला, कीलीला काही उरलं नाही.

ती निकालाचं पाकीट घेऊन बाईंसमोर उभी राहिली. रडली असती तरी बाईंना बरं वाटलं असतं.

"सहा आला, मिस," कागद पुढे करत ती म्हणाली. "तुम्ही लिहिला होता तोच. तुमचं कधी चुकत नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.