टेकणावरची गाठ

थोरल्या भावाच्या वर्कशॉपमधून कायमचं बाहेर पडताना धाकट्याने एक वाक्य जास्तीचं बोलून ठेवलं होतं : "तुझ्या यंत्रावाचून माझं काही अडत नाही." दादा भांडला असता तर परवडलं असतं. तो नुसता "बघू" म्हणाला, आणि तेव्हापासून ते "बघू" धाकट्याच्या कानातून जात नव्हतं.

कारण अडलं होतंच. सळया वाकवायचं हातयंत्र दादाकडे राहिलं, आणि स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं तेही नेमकं वळणाचं. शिंपीणबाईंच्या दुकानाच्या जिन्याला कठडा हवा होता. त्यांची म्हातारी आई भिंत चाचपत उतरते. प्रत्येक सळईच्या टोकाला अर्धगोल वळसा. "आधी दोन करून दाखवा," बाई म्हणाल्या होत्या. "जमल्या तर काम तुमचं. नाहीतर थोरले आहेतच." बाई सहज बोलून गेल्या. सहज बोललेलंच जास्त लागतं.

भंगारवाल्याकडे, मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली, एक यंत्र सापडलं. जाड बिडाचा पाटा, मधोमध खुंटी, तिच्याभोवती फिरणारा लांब दांडा आणि सळईचं शेपूट अडवायला मागे एक टेकण. सगळं गंजून एकजीव झालेलं. धाकट्याने पाट्यावर हातोडीने टकटक केलं. तडा असेल तर बीड भद्द वाजतं. हे खणखणलं. तरी त्याने पुन्हा चारी कोपरे ठोकून पाहिले.

"काय डॉक्टर, नाडी लागली का?" भंगारवाल्याने विचारलं.

"लागतेय."

"मग उचला. मुडद्याला इतकं कुणी तपासत नाही."

घरी आणून त्याने ते डिझेलमध्ये भिजत घातलं, तारेच्या ब्रशने खरडलं, पुसलं, पुन्हा भिजवलं. खुंटी हलायचं नाव घेईना.

"अहो, इतक्या मायेने माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत," बायको म्हणाली.

"तू कुठे गंजलीस?"

"या घरात राहिले तर तेही होईल. सरका."

दोघं दांड्याला लोंबकळली, तेव्हा कुठे खुंटी किंचाळून सुटली. मग धाकट्याला चेवच चढला. टेकणावर वेल्डिंगची एक ओबडधोबड गाठ होती, कुणी थुंकल्यासारखी. "कुणा अडाण्याचं काम," म्हणत त्याने ती ग्राइंडरने घासून सपाट केली. वर हिरवा रंग दिला. यंत्र नवऱ्या मुलासारखं दिसायला लागलं.

दाखवायच्या दिवशी सकाळी त्याने पहिली सळई लावली आणि दांडा शेवटपर्यंत ओढला. वळसा आला, पण तोंड वासलेलं. दुसरीही तशीच, जांभई दिल्यासारखी. खुंटी झिजली की काय? भंगारवाल्याने टोपी घातली? त्याने पाटा पुन्हा ठोकला. खणखणीत. आता त्या जाडीच्या मोजक्याच सळया उरल्या होत्या, आणि दुपारी बाई येणार होत्या.

"दादांना विचारायचं का?" बायकोने हळूच विचारलं.

"दादाचं नाव काढू नकोस!"

"मी कुठे काढलं? तुमच्या तोंडावर लिहिलंय, मी फक्त वाचलं."

पुढच्या सळईला त्याने दांडा हळूहळू ओढला, आणि या वेळी नजर पुढे न ठेवता मागे ठेवली. सळई आधी शेपूट सरकवून टेकणाला जाऊन भिडत होती, आणि मग वाकायला सुरुवात करत होती. जेवढी सरकत होती, तेवढा वळसा कमी.

"पट्टी," तो पुटपुटला.

वर्कशॉपमध्ये रोज सकाळी दादा मागे न बघता हात पुढे करायचा, "पट्टी." धाकटा लोखंडाची एक झिजकी पट्टी त्या हातावर ठेवायचा आणि दादा ती सळई आणि टेकण यांच्यात सारायचा. वर म्हणायचा, "सळईला माहेरची ओढ असते रे, सोडली की थोडी माघारी जातेच. जरा जास्तच वाकवावी लागते." धाकटा हसायचा. इतकी वर्षं पट्टी दिली, कशाला ते एकदाही विचारलं नाही. खाकरल्याशिवाय काहींना बोलता येत नाही, तशी ती दादाची खोड असेल असंच त्याने धरून ठेवलं होतं.

म्हणजे टेकणावरची ती गाठ पट्टीचंच काम करत होती, अडाण्याची नव्हती. अडाणी ग्राइंडर घेऊन बसला होता.

त्याने रंग खरवडला आणि वेल्डिंगचा थेंब टाकला. वळसा अजून उघडाच. आणखी थेंब टाकला, तर सळई पोटाखाली शेपूट घेतलेल्या कुत्र्यासारखी मुडपली. आता दोनच सळया उरल्या. तो गाठीवर कानस फिरवत होता. जरा घासायचा, अंगठा फिरवायचा, पुन्हा जरा. एवढ्यात दारात चपला वाजल्या. बाई लवकर आल्या होत्या.

"चालू द्या तुमचं," म्हणत त्या स्टुलावर बसल्या. कुणी समोर बसून बघत असलं की हात आपले राहत नाहीत. धाकट्याने दांडा ओढला. मग दुसरी लावली, पुन्हा ओढला. मोजपट्टी लावायचं धैर्य त्याला झालं नाही. दोन्ही सळया त्याने तशाच बाईंच्या हातात दिल्या.

बाईंनी बाह्या जुळवाव्यात तशा त्या एकीवर एक ठेवल्या, एक डोळा मिटला आणि वळशावरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही.

"सुरू करा," त्या उठल्या. "आई खोळंबलीय."

बाई पायरी उतरतात न उतरतात तोच बायको हिरव्या रंगाचा डबा आणि कानस घेऊन आली. "एवढी गाठ तेवढी घाण दिसतेय हो, जरा घासून—"

"हात लावू नकोस!"

रस्त्यावर बाईंनी वळून पाहिलं. बायको कानस धरून तशीच उभी.

"बरं बाबा," ती म्हणाली, "तुमची गाठ, तुम्ही सांभाळा."

संध्याकाळी धाकट्याने नव्या सळया मागवून घेतल्या, पहिली लावली, दांड्याला हात घातला, आणि ओढायच्या आधी वाकून पुन्हा एकदा गाठ पाहिली.