दोन मोटरी आनि एक मूठ

चिमाबाईचा आवाज किती मोठा, ते आधी सांगते. एकदा आमच्या मळवलीला तिनं वावरातनं म्हशीला हाक मारली, तर टेसनावरनं चाललेली मालगाडी थांबली. डायवर खाली उतरून इचारत आला, मावशी, मला बोलावलंत का. खोटं वाटत आसंल तर म्हशीला इचारा, ती आजून जित्ती हाय.

चिमा आनि मी एकाच वरशी हितं सून म्हनून आलो. साठ वरसं झाली, भाताच्या आवनीला ती माझ्या वावरात आनि मी तिच्या. रोपं उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आनि चिखलात वाकून लावत जायचं. कंबर दुखती ती इसरायला गानं लागतं, ते चिमा म्हनती. आनि समद्यात शेवटची मूठ लागती ना, तिचं गानं निराळं. हातात मूठ आनि पायाखाली चिखल आसंल तवाच ते म्हनायचं. घरात बसून म्हनलं तर पीक रुसतं.

यंदा तिचा ल्योक राजेंद्र तिला देहूरोडला न्यायला आलता. घर तिसऱ्या मजल्यावर, आनि गुडघ्यापायी डाक्टरनं चिखल बंद सांगितलेला. म्हंजे हे गानं यंदा झालं की संपलं. म्हनून तिची नात अनघा, पुन्याला कॉलेजात हाय, ती मैत्रिनीकडनं रेकॉर्डर आनि माईक मागून घिऊन आली. मला म्हनली, "मुक्ताआजी, आज्जीचा आवाज माझ्याकडं र्‍हायला पायजे. एवढंच पायजे मला."

माईकच्या वायरीला मधी काडेपेटीएवढी डबी, डबीत बॅटरी. रेकॉर्डरला दोन भोकं, एकावर माईक ल्हिलेलं, दुसऱ्यावर लाईन. पोरीनं माईक माईकच्या भोकात घातला. मी आसते तर मीबी तितंच घातला आसता. बांधावर छत्री रवली, छत्रीखाली माईक टांगला. मी शेजारी पावसाचं इरलं पांघरून बसले. आता माझं वाकनं बंद झालंय, मुठी मोजून फेकायचं काम माझ्याकडं.

शेवटची मूठ चिमाच्या हातात गेली. तिनं सूर लावला आनि मूठ लावून गानं पुरं क्येलं. अनघानं कानाला लावून ऐकलं आनि तिचं त्वांडच उतरलं. आमालाबी ऐकवलं. वादळात पत्रा फडफडावा, तसा आवाज. म्हनली, "यंत्रातला आवाज पार कमी, एकावर आनलेला, तरी फाटतोय."

माझा ल्योक नथू बोलला, चिमामावशीसाठी माईक लोहगडावर बांधायला पायजे व्हता. चिमाला राग आला, म्हनली मग काय मी गानं कुजबुजू का. राजेंद्र घड्याळ बघाया लागला, आये पाय धू, चारची लोकल गाठायची हाय. पन चिमा काय चिखलातनं हालली न्हाई. अनघा नुसती वायरीकडं बघत बसलेली.

मी तिला इचारलं, ह्या डबीचं काम काय. म्हनली, माईकचा आवाज बारीक आसतो, तो डबी मोठा करती. आनि यंत्रातलं हे भोक काय करतं? तर म्हनली, तेबी बारीक आवाज मोठा करतं.

मग मी तिला नथूची मोटर सांगितली. नथ्यानं नदीवरनं एक मोटर लावून पानी चढवलं. मग हौस आली म्हनून त्याच पायपाला मधी दुसरी मोटर जोडली. पायप आसा फाटला की मळवली टेसनावर लोकांच्या डोक्यात मासे पडले. एका बाईनं तिकिटाच्या रांगेतच कालवनाला निवडून घेतले.

"एकदा चढवलेलं पानी आनि कशाला चढवतीस पोरी," मी म्हनलं. "आयतं पानी घेनारं भोक न्हाई का ह्याला?"

अनघानं माझ्याकडं बघितलं, मग यंत्राकडं. माईक काढला आनि लाईनच्या भोकात घातला. चालू करून मला म्हनली, बोला कायबी. मी बोलले. तिनं यंत्राचा आवाज जरा चढवला, मान डोलावली. म्हनली, आता बराबर हाय. पन शेवटची मूठ तर लागली.

सून सविता माझ्या मागंच बसलेली. मी तिच्या कानात दोन शब्द सांगितले. घटकाभरानं बांधाखाली हात घालून मी एक मूठ काढली, हिरवीगार.

"ही बगा, खेकड्यानं वढून नेलती," मी म्हनलं.

म्हंजे मगाची मूठ शेवटची नव्हतीच. मग गानं परत म्हनायलाच पायजे, रीतच हाय तशी. राजेंद्रनं घड्याळ खिशात घातलं. चिमानं मूठ घेतली, वाकली.

"शेवटाची मूठ माजी, चालली गं सासरला,
चिखलाच्या माईनं वटीत घेतली तिला."

आनि त्याच्या म्होरं आनि एक कडवं, मगाशी न म्हनलेलं.

अनघानं तितंच लावून दाखवलं. आता आवाज कसा, तर चिमा आपल्या कानात बसून म्हनती आसा. पन यंत्र मगापास्नं चालूच र्‍हायलेलं. गान्याच्या आधी माझा आवाज आला, कुजबुजलेला, पन लख्ख: "सविते, माझ्या इरल्याखाली मूठ हाय, हळूच बांधाखाली सरकव. दर वरशी लपवते. एकदा ऐकून माझं पोट भरत न्हाई."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ढगाकडं बघितलं.

चिमा बांधावर यिऊन माझ्याजवळ बसली, तिच्या पायाचा चिखल माझ्या लुगड्याला. म्हनली, "मला काय ठावं नव्हतं व्हय, मुक्ते? म्हनून तर साठ वरसं शेवटचं कडवं मी खेकड्यासाठी राखून ठेवते."

चारची लोकल गेली. पन खेकडा व्हता, हे मी आजूनबी सांगते. चांगला कोंबड्याएवढा व्हता.